वाचक विचारतात : टोपणनाव, निनावी खाते आणि खोटी ओळख

आंतरजालावर टोपणनावाने वावरण्याविषयी या सदरासाठी बरीच पत्रे आली. त्यांपैकी पाच येथे घेतली असून आशय कायम ठेवून ती आखूड केली आहेत. नेहमीच्या रिवाजाप्रमाणे पत्रलेखकांची नावे व पत्ते संपादकांकडे आहेत, ते छापलेले नाहीत.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. एका मराठी संकेतस्थळावर बरीच वर्षे टोपणनावाने लिहिते. पाककृती, प्रवास, कधी घरातले, कधी शाळेतले अनुभव. मध्यंतरी एका धाग्यावर वाद झाला, तेव्हा एका सदस्यांनी ‘स्वतःच्या नावाने लिहिण्याची हिंमत नसलेल्यांनी मते मांडू नयेत’ असे सुनावले आणि त्यावर भराभर ‘अनुमोदन’ पडले. तेव्हापासून आपण लोकांना फसवतो आहोत की काय, असे वाटत राहते. आता पुण्यात सदस्यांचे गटग (प्रत्यक्ष भेटीचा मेळावा) ठरले आहे. जावे का? आणि नोकरीच्या दृष्टीने हे लेखन अंगाशी येईल का?
— एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : आपण कोणालाही फसवलेले नाही. फसवणूक होण्यासाठी समोरच्याने एखाद्या खोट्या गोष्टीवर विसंबून काही करावे लागते. आपण शिक्षिका असूनही डॉक्टर असल्याचे भासवून औषधोपचार सांगितले असते, तर ती फसवणूक झाली असती. आपल्या वाचकांनी विश्वास ठेवला तो आपल्या लेखनावर आणि ते लेखन आपलेच आहे. शिवाय एकाच नावाने वर्षानुवर्षे लिहिणाऱ्या माणसाला त्या नावाची किंमत राखावी लागते. जुने प्रतिसाद कोणीही उकरून काढू शकतो, गेल्या वर्षी काय म्हणाला होतात हे विचारू शकतो. ज्याला खरोखर जबाबदारी टाळायची असते तो असे नाव सांभाळत बसत नाही. तो भांडणापुरता डुआयडी (दुसऱ्या नावाचे जादा खाते) काढतो, दोन दिवस पिंका टाकतो आणि नाहीसा होतो. आपल्याला सुनावणाऱ्या सदस्यांनी या दोन प्रकारच्या माणसांना एकाच दावणीला बांधले, ही त्यांच्या युक्तिवादातली मोठी गफलत आहे.

दुसरी गफलत अशी की खरे नाव लिहिण्याची किंमत सर्वांना सारखीच पडते, असे त्यांनी गृहीत धरले आहे. आपल्याकडे पूर्ण नाव लिहिले म्हणजे केवळ नाव कळत नाही. आडनाव वाचताच जातीचा अंदाज बांधला जातो, ‘कर’ लागलेले आडनाव असेल तर गावाचाही, आणि मधल्या नावावरून बाई कोणाची मुलगी किंवा कोणाची पत्नी हेही उघड होते. अर्धे वाचक तेवढ्यावरच मत बनवून मोकळे होतात. टोपणनावामुळे निदान पहिल्या वाचनात मुद्दा आधी पोहोचतो आणि आडनाव नंतर, किंवा पोहोचतच नाही. ही सोय ज्यांना कधी लागली नाही त्यांना ती पळवाट वाटते, यात मला आश्चर्य वाटत नाही.

महाराष्ट्राला हे काही नवीन नाही. 1848 पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावाने जी पत्रे प्रसिद्ध झाली, त्यांत स्वतःच्याच समाजावर कोरडे ओढणारे गोपाळ हरि देशमुख हे सरकारी नोकरीत होते. 1885 मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’मध्ये ‘एक हिंदू स्त्री’ अशा अर्थाच्या इंग्रजी सहीने बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर पत्रे आली. ती लिहिणाऱ्या रखमाबाईंवर त्याच सुमारास पतीने नांदायला येण्यासाठी दावा लावलेला होता आणि तो मुंबईच्या उच्च न्यायालयासमोर होता. त्या पत्रांतले म्हणणे आधी त्यांच्या नावाने छापून आले असते, तर किती जणांनी ते म्हणणे म्हणून वाचले असते आणि किती जणांनी केवळ प्रतिवादीची कैफियत म्हणून बाजूला ठेवले असते? 1933 मध्ये विभावरी शिरूरकर या नावाच्या लेखिकेने अविवाहित, नोकरी करणाऱ्या मुलींच्या मनातले लिहिले तेव्हा मोठे वादळ उठले. त्यामागच्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, त्या वेळी स्वतः अविवाहित होत्या आणि शिक्षणाच्या क्षेत्रात काम करत होत्या. यांपैकी कोणाकडे हिंमत नव्हती, असे आपल्या त्या सदस्यांनी सांगावे.

नोकरीचा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि तेथे टोपणनावाची ढाल चालत नाही. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1964 मधील नववा नियम शासनावरील प्रतिकूल टीकेला मनाई करताना स्वतःच्या नावाने, निनावी, टोपणनावाने किंवा दुसऱ्याच्या नावाने केलेले लेखन असे सर्व प्रकार स्पष्टपणे मोजतो. आपल्याला लागू असलेले जिल्हा परिषद जिल्हा सेवा (वर्तणूक) नियम 1967 चे आहेत, त्यांची प्रत पंचायत समितीत मिळेल. ती एकदा स्वतः वाचा, सहकाऱ्यांच्या सांगण्यावर विसंबू नका. पाककृती आणि प्रवासवर्णन यांना कोणी हरकत घेणार नाही. शाळेतल्या अनुभवांबाबत मी हात आखडता घेण्याचा सल्ला देईन, आणि तोही नियमांपेक्षा मुलांसाठी. चौथीतल्या एखाद्या मुलाच्या घरची हकीकत आपण नाव न घेता लिहिली, तरी गावातला माणूस ती वाचून मूल ओळखतो. आपण स्वतःला झाकले आहे, त्या मुलाला झाकलेले नाही.

गटगला जरूर जा. आधी ज्या दोन-तीन मैत्रिणींशी व्यक्तिगत निरोपांतून बोलणे होते, त्यांना भेटा. फोटो संकेतस्थळावर टाकायचे की नाही हे आरंभीच ठरवून घ्या. आणि एकमेकींना टोपणनावानेच हाक मारली तर कोणालाही वावगे वाटणार नाही. पन्नाशीतली माणसे अशा मेळाव्यांत एकमेकांना अत्यंत चमत्कारिक नावांनी गंभीरपणे हाका मारताना मी पाहिली आहेत.

प्रश्न : मी आमच्या गृहनिर्माण संस्थेचा सचिव आहे. कोणीतरी फेसबुकवर संस्थेच्या नावाशी मिळतेजुळते खाते उघडून लिफ्टच्या दुरुस्तीत समितीने पैसे खाल्ले, अशी पोस्ट टाकली आहे. पोस्टमध्ये ‘सदरहू’ हा शब्द तीन वेळा आला असून आमच्या इमारतीत असे बोलणारे तहसील कार्यालयातून निवृत्त झालेले एकच गृहस्थ आहेत. त्यांना नोटीस पाठवावी का? पोलिसांकडून खातेदाराचे नाव मिळेल का? आणि मुळात सरकारने सर्वांना खऱ्या नावानेच खाते उघडण्याची सक्ती का करू नये?
— एक सचिव, डोंबिवली

उत्तर : ‘सदरहू’वरून नोटीस पाठवू नका. शासकीय कार्यालयात, बँकेत किंवा सहकारी संस्थेत चार वर्षे काढलेल्या कोणाच्याही लेखणीत तो शब्द शिरतो. आपल्या सभेच्या इतिवृत्तातही तो असणार, शोधून पाहा.

लेखनाच्या सवयींवरून लेखक ओळखण्याचे शास्त्र आहे, हे खरे. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूने 1787-88 मध्ये ‘पब्लिअस’ या सामायिक टोपणनावाने 85 लेख प्रसिद्ध झाले होते. त्यांतील बारा लेख हॅमिल्टनचे की मॅडिसनचे (दोघेही तेव्हाचे राजकीय नेते), हा वाद दीड शतकाहून अधिक काळ चालला. 1964 मध्ये मॉस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी तो मॅडिसनच्या बाजूने सोडवला. त्यासाठी त्यांनी कोणताही भारदस्त शब्द वापरला नाही. ज्या किरकोळ अव्ययांकडे लेखकाचे स्वतःचेही लक्ष नसते ती मोजली. मात्र त्यांच्यासमोर दोनच संशयित होते आणि दोघांचेही भरपूर लेखन उपलब्ध होते. आपल्यासमोर एक पोस्ट आणि साठ-सत्तर घरे असतील. मराठी संकेतस्थळांवर डुआयडी पकडले जातात तेही असेच, बऱ्याच लेखनानंतर: दोन्ही नावांनी ‘आणि’ दीर्घ लिहिलेला असतो, वाक्य संपवताना दोघेही पूर्णविरामाऐवजी चार टिंबे देतात, आणि एक गप्प असला की दुसरा बोलतो. एवढ्यानेही संशयच बळावतो, पुरावा होत नाही.

पोलिसांविषयी. पोस्टमध्ये धमकी असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 351 अन्वये गुन्हा होतो आणि नाव लपवून धमकी दिली असेल तर त्याच कलमात जादा शिक्षेची तरतूद आहे. निव्वळ बदनामी हा मात्र अदखलपात्र गुन्हा आहे, त्यासाठी आपल्याला दंडाधिकाऱ्यांकडे खासगी फिर्याद करावी लागेल. दिवाणी दावाही लावता येतो. प्रतिवादीचे नाव माहीत नसले तरी अडत नाही, आपली न्यायालये अशा अज्ञात प्रतिवादीला ‘अशोक कुमार’ असे नाव देऊन आदेश देतात. खातेदाराची माहिती फेसबुक आपल्याला देणार नाही. ती कायदेशीर मार्गाने तपास यंत्रणेला किंवा न्यायालयाला मिळते आणि ज्या मोबाइल क्रमांकावरून, ज्या आयपी पत्त्यावरून खाते चालवले त्यावरून माणूस बहुधा सापडतो. सामान्य माणसाचे निनावीपण हे शेजाऱ्यापासूनचे असते. न्यायालयापासूनचे नव्हे.

सक्तीचा प्रयोग एका देशाने करून पाहिला आहे. दक्षिण कोरियाने 2007 पासून मोठ्या संकेतस्थळांवर लिहिणाऱ्याची खरी ओळख नागरिक क्रमांकावरून पडताळण्याची सक्ती केली. कारण आपण देता तेच होते: निनावी शिवीगाळ आणि बदनामी. शिवीगाळ डोळ्यांत भरण्याइतकी घटली नाही. उलट प्रत्येक मोठ्या संकेतस्थळाकडे लोकांच्या खऱ्या माहितीचे कोठार तयार झाले आणि जुलै 2011 मध्ये अशा एका कोठाराला भगदाड पडून सुमारे साडेतीन कोटी खात्यांची माहिती चोरीला गेली. त्या देशाची लोकसंख्या तेव्हा पाच कोटींच्या आसपास होती. ऑगस्ट 2012 मध्ये तेथील घटना न्यायालयाने ही सक्ती एकमताने रद्द ठरवली. आपल्याकडे 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत पन्नास लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांनी ओळख पडताळणीची सोय द्यावी असे आहे, पण ती घ्यायची की नाही हे वापरकर्त्यावर सोडले आहे. तेवढे पुरे आहे, असे माझे मत आहे. खरे नाव लावल्याने माणूस सभ्य होतो, यावर ज्यांचा विश्वास आहे त्यांनी कोणत्याही गृहनिर्माण संस्थेचा व्हॉट्सॲप गट पार्किंगच्या चर्चेच्या दिवशी वाचावा. तेथे नाव असते, सदनिका क्रमांक असतो, दुसऱ्या दिवशी जिन्यात गाठही पडणार असते.

आता, सचिव महोदय, पत्रात न आलेल्या गोष्टीविषयी. लिफ्टच्या दुरुस्तीची दरपत्रके, बिल आणि समितीचा ठराव आपण सूचना फलकावर लावला आहे का? महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 32 नुसार सभासदाला संस्थेची ठरावीक कागदपत्रे पाहण्याचा हक्क आहे. तो हक्क सहज बजावता येत असेल तर खोट्या पोस्टला कोणी विचारत नाही. येत नसेल, तर पोस्ट लिहिणारा कोण यापेक्षा त्याला नाव लपवावेसे का वाटले, हा प्रश्न समितीपुढे आधी घ्या. आरोप खोटा असेल तर बिलाची प्रत त्याच पोस्टखाली टाका आणि खाली स्वतःचे नाव लिहा.

प्रश्न : माझ्या फोटोंवरून कोणीतरी इन्स्टाग्रामवर माझ्या नावाचे खाते काढले असून त्यावरून माझ्या वर्गातल्या मुलांना संदेश जात आहेत. घरी सांगायची भीती वाटते. एक मित्र म्हणतो, मी ते खाते हॅक करून देतो.
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : मित्राला नको म्हणून सांग. दुसऱ्याच्या खात्यात शिरणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि त्यात पुरावाही नष्ट होतो. आज हे कर. त्या खात्याचा पूर्ण पत्ता लिहून ठेव. केवळ दिसणारे नाव पुरत नाही, ते क्षणात बदलता येते. खात्याचे आणि वर्गमित्रांना आलेल्या संदेशांचे तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घे. मग इन्स्टाग्रामवर ‘हे खाते माझी बतावणी करत आहे’ अशी तक्रार नोंदव आणि ज्यांना संदेश गेले त्यांनाही नोंदवायला सांग. त्या खात्याशी स्वतः बोलू नकोस.

राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार करता येते. महिला व बालकांविषयीच्या काही गुन्ह्यांची तक्रार तेथे नाव न देताही नोंदवता येते, पण मग तिचे पुढे काय झाले हे तुला पाहता येणार नाही, म्हणून तुझ्या बाबतीत नावानिशी तक्रार करणे चांगले. दुसऱ्याची ओळख वापरण्याबद्दल माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम 66ग (इंग्रजीत 66सी) लागू होते, बतावणी करून ठकवण्याबद्दल 66घ (66डी). दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पोलीस ठाण्यात इंग्रजी अक्षरांचीच कलमे बोलली जातात, ती लक्षात ठेव. खासगी स्वरूपाच्या छायाचित्राची धमकी आली, तर ‘स्टॉप एनसीआयआय’ ही मोफत सेवा आहे. छायाचित्र तुझ्या फोनमधून बाहेर न जाता त्याचा केवळ सांकेतिक ठसा सहभागी समाजमाध्यमांकडे जातो आणि त्यावरून ते तेथे अडवता येते.

घरी सांग. आईला आधी, किंवा मावशीला, आत्याला, जिच्यापाशी तुला रडता येते तिला. दोष तुझा नाही हे कोणीतरी मोठ्याने तुला म्हणायला हवे आणि पोलीस ठाण्यात जाताना सोबतही लागेल.

प्रश्न : आम्ही काही जण एका मराठी संकेतस्थळावर जुन्या नाट्यगीतांविषयी लिहितो. एक सदस्य तेथे दहा-बारा वर्षे नियमित लिहीत असत. मैफलींच्या आठवणी, बंदिशींचे पाठभेद, असे दुर्मीळ काही. गेले आठ महिने त्यांचे लेखन थांबले आहे. विपूला (त्यांच्या पानावर केलेल्या विचारपुशीला) उत्तर नाही. त्यांचे खरे नाव, गाव आमच्यापैकी कोणालाच माहीत नाही. वय झालेले असावे. शोध घ्यावा असे फार वाटते, पण तसे करणे योग्य का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : आपली तळमळ रास्त आहे, तरीही शोध उघडपणे घेऊ नका. दहा वर्षांच्या लेखनात माणूस नकळत पुष्कळ सांगून जातो: अमुक मैफलीला आपण दहावीत होतो, घर तमुक नाट्यगृहाजवळ होते, थोरली बहीण संगीत शिकवत असे. हे तुकडे जुळवायला दोन-तीन हुशार माणसांना एक संध्याकाळ पुरते. लतान्या स्वीनी या संगणकशास्त्रज्ञ बाईंनी 2000 साली दाखवून दिले होते, की केवळ जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड यांवरून अमेरिकेतली सुमारे 87 टक्के माणसे एकमेव म्हणून ओळखता येण्याजोगी होती. जुळवता येईल हे माहीत आहे, म्हणूनच जुळवू नये. त्या गृहस्थांनी बारा वर्षे नाव सांगितले नाही, हा त्यांचा निर्णय होता. ते लिहीत नाहीत म्हणून तो रद्द होत नाही. ते गृहस्थच आहेत हेही आपण धरूनच चाललो आहोत.

योग्य वाट संकेतस्थळाच्या व्यवस्थापकांमधून जाते. नोंदणीच्या वेळी दिलेला ईमेल त्यांच्याकडे असतो. ‘आपली आठवण काढत आहोत, खुशाली कळवावी, घरच्या कोणी वाचले तर त्यांनीही दोन ओळी लिहाव्यात’ असे पत्र त्यांच्या हाती द्या आणि तो ईमेल आपल्याला सांगू नये असेही त्यांना स्पष्ट म्हणा. पुष्कळदा माणूस नुसताच रोमात (काही न लिहिता वाचत) असतो. डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेली असते किंवा टंकलेखनाचा कंटाळा आलेला असतो. कधी वाईटही कळते. उत्तर आलेच नाही, तर त्यांचे लेखन एका धाग्यावर संकलित करून ठेवणे एवढे आपल्या हातात राहते आणि ते करायला त्यांच्या नावाची गरज नाही.

यातून आपल्या वयाच्या सर्वच सदस्यांनी एक काम उरकून घ्यावे. आपण कोणत्या नावाने कोठे लिहितो, हे घरातल्या किंवा मित्रांतल्या एका माणसाला सांगून ठेवा. गूगलवर निष्क्रिय खात्याची एक सोय आहे: तीन, सहा, बारा किंवा अठरा महिने खाते वापरले गेले नाही, तर आपण निवडलेल्या माणसांना, कमाल दहा जणांना, कळवले जाते. फेसबुकवर मृत्यूनंतर खाते सांभाळणारा वारसदार नेमता येतो. बहुतेक मराठी संकेतस्थळांवर अशी सोय माझ्या पाहण्यात नाही, तेथे व्यवस्थापकांना आधी सांगून ठेवलेला मित्रच उपयोगी पडतो.

प्रश्न : माझा अकरा वर्षांचा मुलगा ऑनलाइन खेळात भलत्याच नावाने खेळतो. विचारले तर म्हणतो, सगळेच तसे करतात. ही लपवाछपवीची सवय नव्हे का?
— एक पालक, जळगाव

उत्तर : नव्हे, सवय चांगली आहे. खेळात खरे नाव नकोच. मुले बहुधा चुकतात ती दुसरीकडे: नावापुढे जन्मसाल जोडतात, चित्राच्या जागी शाळेच्या गणवेशातला फोटो लावतात आणि तेच नाव सर्व ठिकाणी वापरतात. हे तीन मात्र त्याच्याशेजारी बसून बदला. वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या 2023 च्या कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक धरला असून त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागेल; त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आहेत आणि बंधने टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. खेळात नाव कोणते घेतले आहे हे आपल्याला ठाऊक असावे, आणि अनोळखी कोणी खेळाबाहेर, व्हॉट्सॲपवर किंवा फोनवर बोलायला बोलावले तर त्याच दिवशी सांगायचे, एवढे मुलाशी ठरवून घ्या. नाव कितीही भलते असले तरी चालेल.